चकाकीला नव्हे, कागदाला किंमत

जीर्णोद्धार करून विकायला ठेवलेल्या १९६४च्या पॉन्टिअक जीटीओकडे पाहताना नजर आधी रंगावर जाते, आणि गफलत तिथेच होते. त्या वर्षी जीटीओ हे स्वतंत्र मॉडेल नव्हतेच. टेम्पेस्ट ल मान्स या मध्यम आकाराच्या गाडीवर जादा पैसे मोजून घ्यायचे ते एक पॅकेज होते. ३८९ घनइंचाचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन त्यात मिळे. अशा ३२,४५० गाड्या विकल्या गेल्या. गोम अशी की १९६४ आणि १९६५च्या चासी नंबरावरून ती जीटीओ आहे की साधी ल मान्स, हे कळतच नाही. ती सोय १९६६पासून झाली. त्यामुळे साध्या गाडीवर जीटीओची अक्षरे आणि मोठे इंजिन चढवणे कसबी मेकॅनिकला अवघड नाही. पत्र्याला चुंबक लावून पाहावे: चिकटला नाही तर रंगाखाली पुट्टीचा जाड थर असण्याची शक्यता असते. पण चुंबक गाडीची जात सांगत नाही. ती पॉन्टिअक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडच्या कारखान्याच्या मूळ बिलाच्या नकलेवरूनच ठरते.

कोणी म्हणेल, नक्कलही तितकीच पळते, मग बिघडले कुठे? चालवण्यापुरते काहीच नाही. उलट ती बिनधास्त वापरता येते. पण दाम अस्सलाचे मागितले जाते, तिथे हा युक्तिवाद लंगडा पडतो. तेव्हा घेणाऱ्याने बॉनेट उघडण्याआधी कागद मागावेत.