गोळी आणि तोंडाची कोरड

आमच्या संघटनेच्या कचेरीत कामगार पगाराच्या तक्रारी घेऊन येतात, तशाच दुखण्याच्याही आणतात. त्यांतली एक आम्ही वारंवार ऐकतो: गोळी सुरू केल्यापासून तोंडाला कोरड पडते, भाकरीचा घास उतरत नाही, म्हणून गोळीच सोडून दिली. या शेवटच्या वाक्याची आम्हांला धास्ती वाटते.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाकाठी अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. कानांपुढे, जबड्याखाली व जिभेखाली ग्रंथींच्या तीन जोड्या आहेत. मुख्यत्वे त्या ती तयार करतात. मज्जातंतूंच्या टोकांशी अॅसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सुटले, म्हणजे या ग्रंथींना कामाचा हुकूम मिळतो. सर्दीवरील क्लोरफेनिरामीन, नैराश्यावरील अमिट्रिप्टिलीन, कंपवातावरील ट्रायहेक्सिफेनिडिल, वारंवार होणाऱ्या लघवीवरील ऑक्सिब्युटिनीन ही औषधे हा हुकूम मध्येच अडवतात. ग्रंथी शाबूत असते. तिला निरोपच पोचत नाही! अशी दोनतीन औषधे एकत्र आली की कोरड अधिकच वाढते.

ही नुसती गैरसोय नव्हे. लाळ तोंडातील आम्ल निवळते, अन्नाचे कण धुऊन नेते. ती आटली की दात किडतात, विशेषतः हिरडीलगत. जीभ जळजळते, कवळी टोचू लागते. आणि आमची माणसे उपाय कोणता करतात? लिमलेटची गोळी चघळतात, नाहीतर तंबाखूचा बार भरतात. साखरेने कीड पोसते आणि तंबाखूबद्दल तर बोलायलाच नको. त्यापेक्षा बिनसाखरेचे च्युइंगम बरे, कारण चावण्यानेच लाळ सुटते. भाकरी आमटीत कुस्करून खावी, दात फ्लोराइडच्या पेस्टने घासावेत. झोपेत लाळ एरवीही कमीच सुटते, म्हणून उशाशी तांब्या असावा.

पाणी घोटघोट प्यावे हे खरे. पण यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाला ते सांगणे सोपे आहे. 1948 च्या कारखाना कायद्याने पिण्याच्या पाण्याची सोय मालकांवर बंधनकारक केली. 250 हून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात थंड पाणीही. परंतु पाण्यापर्यंत जाऊन येईतो यंत्र कोण सांभाळणार, हे जागोजाग भांडूनच ठरवावे लागले.

गोळी मात्र आपल्या मनाने सोडू नये. अमिट्रिप्टिलीन एकदम थांबविल्यास मळमळ, डोकेदुखी असे निराळेच त्रास उभे राहतात. घरातल्या सगळ्या गोळ्या, दुकानातून परस्पर आणलेल्यासुद्धा, पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवाव्यात. मात्रा कमी होऊ शकते, वेळ बदलता येते, कधी औषधच बदलून मिळते. विचारण्याचा संकोच वाटत असेल, तर सोबत एखादा बोलका सोबती न्यावा.