२४१ किलोची गाडी हाताळताना

रॉयल एनफिल्डची सुपर मिटिऑर ६५० मला मनापासून आवडते. तिचं २४१ किलो वजन हायवेवर जाणवतच नाही. कस लागतो तो यू-टर्नला. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी कलंडलीच समजा. तिथे मागचा ब्रेक, अर्धा क्लच आणि नजर जायचंय तिकडे.

रिव्हर्स गिअर नाही, म्हणून उतारावर तोंड खाली करून लावू नका.

पडलीच तर वाकून ओढू नका, कंबर जाईल. इंजिन बंद करा, गाडी गिअरमध्ये ठेवा, सीटला पाठ लावून पायांच्या जोरावर छोटी पावलं मागे टाकत उचला. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच खाली करा, नाहीतर उभी होताच ती डावीकडे आडवी होईल.

चेनला साधारण ५०० किलोमीटरला ल्यूब. पावसात भिजली तर लगेच.