शर्टाचं बटण, भाकरी अन् राजूरची पायरी... ऑक्युपेशनल थेरपी नेमकं काय करते?

राजूर (जि. जालना) : चतुर्थीला राजूरेश्वराच्या दर्शनाला गर्दी उसळते. पण लकवा मारल्यानंतर घरीच असलेल्या माणसाची अडचण मंदिराच्या पायऱ्यांच्या कितीतरी आधी सुरू होते. शर्ट कसा घालायचा? शौचाला बसलं तर उठायचं कसं? गोळ्या वेळेवर चालू असतात, बीपी आटोक्यात असतो, तरी घास दुसऱ्यानंच भरवावा लागतो. ऑक्युपेशनल थेरपीचं काम इथं सुरू होतं.

मराठीत तिला 'व्यवसायोपचार' म्हणतात आणि निम्मा घोळ या शब्दानंच होतो. इथं व्यवसाय म्हणजे धंदा-नोकरीच नव्हे. आंघोळ, जेवण, लिहिणं, अगदी मुलांचं खेळणंही त्यात येतं.

फिजिओथेरपीपेक्षा वेगळं काय?

फिजिओथेरपीचा भर ताकद आणि हालचालीवर असतो. इथं त्या हालचालीतून रोजचं काम कसं जमेल ते पाहतात. बऱ्याच रुग्णांना दोन्ही लागतात. थेरपिस्ट एकेका कामाचे तुकडे पाडतो. शर्ट घालताना लुळा हात आधी बाहीत घालायचा, काढताना तोच शेवटी काढायचा. एका हातानं पीठ मळताना परात सरकते, तर खाली ओलं फडकं. चमचा धरवत नसेल तर दांड्याला कापड गुंडाळून मूठ जाड करायची. यातलं काहीच महाग नाही.

मुलांना कधी गरज पडते?

सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम असलेल्या मुलांना तर लागतेच. पण 'अक्षर घाण' म्हणून रोज ओरडा खाणारं मूलही दरवेळी आळशी नसतं. बोटांची पकड किंवा बसण्याचा तोल कच्चा असू शकतो. खुर्चीवर पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट ठेवून पाहा.

जायचं कुठं?

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी शाळेत एकदा. शंका वाटल्यास त्या पथकाला किंवा आशाताईंना सांगा. मोठ्यांसाठी जिल्हा रुग्णालयात विचारा.

देशातलं या उपचाराचं पहिलं विद्यालय १९५० मध्ये मुंबईच्या केईएममध्ये सुरू झालं, अमेरिकेत जन्मलेल्या कमला निंबकर यांच्या पुढाकारानं. राजूरच्या माणसाला मात्र आजही भाडं आणि दिवसाची मजुरी मोडून जावं लागतं. म्हणून जाताना अडणाऱ्या कामाचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून न्या आणि घरी करायचा सराव लिहूनच घ्या.