प्रकाशाचे ‘स्टेशन’ लावणारी गाळणी

परभणी (विशेष प्रतिनिधी) - मध्यम लहरींवर परभणी आकाशवाणी ऐकायची, तर रेडिओचे बटण फिरवून काटा १३०५ किलोहर्ट्झवर आणावा लागे. हवेत अनेक केंद्रांच्या लहरी एकाच वेळी असत. त्यांतून हवी तेवढीच निवडण्याचे काम त्या बटणाचे. रस्त्याकडेला पुरलेल्या ऑप्टिकल फायबर केबलमध्येही हाच प्रश्न येतो. तेथे लहरी प्रकाशाच्या असतात आणि बटणाचे काम द्रवस्फटिकाचा, म्हणजेच लिक्विड क्रिस्टलचा, केसाहून पातळ थर करू शकतो.

शहरांना जोडणाऱ्या फायबरमध्ये प्रकाश वाहून नेणारा गाभा सुमारे ९ मायक्रॉन जाडीचा असतो. त्यातून एकाच वेळी अनेक ‘रंगां’चा प्रकाश पाठविता येतो. हे रंग डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांची तरंगलांबी साधारणतः १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या दरम्यान असते. शेजारच्या दोन रंगांत ०.८ नॅनोमीटरचे अंतर ठेवले, तरी या पट्ट्यात सुमारे ४० स्वतंत्र वाहिन्या मावतात. पलीकडच्या टोकाला त्यांतील नेमकी एक वेगळी काढायची, तर गाळणी हवी.

काम कसे चालते?

समोरासमोर ठेवलेल्या दोन अर्धपारदर्शक आरशांमध्ये द्रवस्फटिकाचा काही मायक्रॉनचा थर भरलेला असतो. आरशांमध्ये प्रकाश पुनःपुन्हा मागेपुढे होतो आणि त्या अंतरात ज्याची तरंगलांबी नेमकी बसते, तोच रंग बाहेर पडतो. द्रवस्फटिकाचे रेणू काडीसारखे लांबट असतात. थरावर काही व्होल्टचा दाब दिला, की ते वळतात आणि थराचा अपवर्तनांक बदलतो. आरसे जागेवरच राहतात. पण प्रकाशाच्या दृष्टीने त्यांमधील अंतर बदलते व दुसरा रंग पार होतो. फिरणारा भाग एकही नाही आणि वीजही अत्यल्प लागते.

ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख राइनिट्झर यांना द्रवस्फटिकाचे गुणधर्म १८८८ मध्ये प्रथम आढळले. गणकयंत्रे व घड्याळांच्या पडद्यांतून ते घरोघरी पोहोचले. मात्र त्यांना तापमानाची मर्यादा आहे. प्रयोगशाळांतील सुपरिचित ‘५सीबी’ हा द्रवस्फटिक सुमारे ३५ अंश सेल्सिअसला साधा द्रव बनतो. मे महिन्यात ४० अंशांपलीकडे जाणाऱ्या परभणीत तो उघड्यावर निकामीच ठरेल. म्हणून उपकरणांत अधिक तापमान सोसणारी मिश्रणे वापरतात आणि थराचे तापमान स्थिर राखतात. रेणू वळण्यास काही मिलिसेकंद लागतात, हीही एक मर्यादा आहे.

केबल तुटल्यावर

रस्त्याच्या रुंदीकरणात केबल तुटली, की त्या मार्गावरील संदेश दुसऱ्या मार्गाने वळवावे लागतात. पण त्या मार्गावर तोच रंग आधीच वापरात असेल, तर संदेशाला नवा रंग द्यावा लागतो. गाळणी एकाच रंगाची असेल, तर अभियंत्याला प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन भाग बदलण्यावाचून गत्यंतर नसते. गाळणी व लेसर दोन्ही बदलते असतील, तर हे काम दूरच्या नियंत्रण कक्षातून होऊ शकते. मोठ्या केंद्रांत रंगनिहाय मार्ग बदलणाऱ्या स्विचमध्ये सिलिकॉनवरील द्रवस्फटिक आज वापरात आहेत.

गावापर्यंतचे चित्र वेगळे आहे. २०११ मध्ये मंजूर झालेल्या व पुढे ‘भारतनेट’ नाव मिळालेल्या योजनेत ग्रामपंचायतींपर्यंत प्रामुख्याने ‘जीपॉन’ तंत्र वापरले गेले. त्यात सर्व ग्राहकांकडे १४९० नॅनोमीटरचा एकच रंग जातो आणि परतीचा प्रवास १३१० वर होतो. तेथे निवडण्याजोगे काही नसल्याने बदलत्या गाळणीची गरज पडत नाही. ‘एनजी-पॉन २’ या पुढच्या मानकात मात्र प्रत्येकी १० गिगाबिटपर्यंतचे चार रंग एकाच तंतूवर चालतात. त्यांतील आपला रंग ग्राहकाच्या पेटीला स्वतः निवडावा लागतो. म्हणजे महागडी गाळणी प्रत्येक घरात बसवावी लागेल. स्वस्त, कमी विजेवर चालणाऱ्या गाळणीचा शोध त्यासाठीच सुरू असून द्रवस्फटिक हा त्यातील एक पर्याय आहे.

केबल टाकण्याच्या खर्चात मोठा वाटा खोदकामाचा असतो. पुरलेल्या त्याच तंतूवर वाढीव रंग चालविता आले, तर जिंतूर किंवा पालमच्या वाढत्या मागणीसाठी रस्ता पुन्हा उकरावा लागणार नाही.