मुठीतली ऊब

मागल्या वर्षी जूनपासून आमच्या घरात 'बारालाचा' हा शब्द कुणी उच्चारत नाही. सौभाग्यवती तर टीव्हीवर बर्फ दिसला तरी वाहिनी बदलते.

बारालाचा ही मनालीहून लेहला जाताना लागणारी खिंड. उंची सुमारे १६,००० फूट. आमची मुलगी गेल्या जूनमध्ये चार मित्रमैत्रिणींबरोबर मोटरसायकलवरून तिथे गेली होती. मुलगी चौतीस वर्षांची, अंबरनाथच्या एका कारखान्यात नोकरी करणारी आणि आपल्या पगारातून हप्ते फेडून ४११ सीसीची हिमालयन घेतलेली. तेव्हा 'जाऊ नकोस' असं म्हणण्याचा अधिकार आम्हाला उरलेला नव्हता. ज्याचे हप्ते त्याची वस्तू, एवढं तीस वर्षांच्या बँकेच्या नोकरीत मला कळलं आहे.

खिंड उतरताना पाऊस लागला, पावसाचे हिमकण झाले, हातमोजे आतपर्यंत भिजले. एका वळणावर समोरून ट्रक आला. "बाबा, बोटं ब्रेकवरच होती," ती नंतर मला म्हणाली. "दाब म्हणून मी त्यांना सांगत होते. ती माझी नव्हतीच." तिने गाडी डोंगराच्या अंगाला घातली. दुसऱ्या अंगाला दरी होती. हंसळीचं हाड मोडण्यावर निभावलं.

या फेब्रुवारीत जेवताना तिने सहज सांगावं तसं सांगितलं, "यंदा परत जाणार आहे." तिची आई ताटावरून उठली. मी उठलो नाही. पण मलाही पुढचा घास गेला नाही.

बोटं ऐकेनाशी का होतात, हे मी त्या रात्री वाचून काढलं. थंडी वाढली की शरीर काटकसर सुरू करतं. काळीज, फुप्फुसं ही मुख्य कचेरी ऊबदार राहावी म्हणून हातापायांच्या टोकांचा रक्तपुरवठा आवळला जातो. शाखा बंद पडली तरी चालेल, मुख्य कचेरी चालली पाहिजे. (आमच्या बँकेचंही धोरण याहून फार निराळं नव्हतं.) दर किलोमीटर उंचीला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे उल्हासनगरात ३० अंश असतील तर १६,००० फुटांवर हिशेबाने शून्याखाली दोनएक अंश येतात. त्यात गाडीचा वारा आणि ओले मोजे.

यावरचा उपाय जुना आहे. हँडलच्या दोन्ही मुठींच्या आत विजेवर तापणारं वेटोळं घालायचं आणि त्याला गाडीच्या बॅटरीतून वीज द्यायची. इस्त्रीत असतं तेच तत्त्व, फक्त अगदी मवाळ. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून जाणाऱ्या बॉम्बफेकी विमानांतल्या तोफचींना विजेवर तापणारे पोशाख आणि मोजे देत असत, कारण गोठलेल्या बोटाने चाप ओढला जात नाही. त्याच युद्धात आमचं हे गाव म्हणजे कल्याणचा लष्करी तळ होता. सैनिकांसाठी उठवलेल्या त्या बराकींतच फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. पण पत्ता सांगताना आम्ही अजून 'कॅम्प पाच'च म्हणतो.

मुठींचा जोड मागवला. सोबत वायरी, बटण, फ्यूज आणि बोटभर लांबीचा माहितीचा कागद. मल्टिमीटर लावून पाहिलं, एकेका मुठीचा विद्युतरोध सात ओहम. दोन्ही समांतर जोडल्या की साडेतीन. बॅटरी बाराची, म्हणजे साधारण ३.४ अँपिअर. इंजिन चालू असताना व्होल्ट चौदाच्या आसपास जातात, तेव्हा चार अँपिअर आणि ५६ वॅट. हेडलाइटचा दिवा खातो जवळजवळ तेवढीच वीज. हिशेब जुळला की मला फार बरं वाटतं, आणि तिथेच मी फसलो. हे आपल्याला घरी जमेल असं वाटलं.

एका रविवारी इमारतीच्या वाहनतळावर मी बैठक मारली. जुन्या मुठी ब्लेडने चिरून काढल्या. उजवीकडे अॅक्सिलरेटरच्या प्लॅस्टिकच्या नळीवर उभ्या रेघांसारखे उंचवटे असतात, ते कानशीने घासले. नवी मूठ सुपरग्लूने बसवली. त्या गोंदाला विचार करायला वेळ देण्याची सवय नसते. दहा सेकंदांत जिथे बसली तिथे बसली. मग टाकीखालून वायर मागे नेऊन सरळ बॅटरीला जोडली आणि फ्यूज लावला पुढे, हँडलजवळ, हाताशी असावा म्हणून. बटण दाबलं. मिनिटभरात मुठी कोमट, तीन मिनिटांत चांगल्या गरम. मी सौभाग्यवतीला खाली बोलावून तिचे हात मुठींवर ठेवायला लावले. ती काही बोलली नाही, पण हात लगेच काढलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू होईना. बटण बंद करायला मीच विसरलो होतो. बॅटरी आठ अँपिअर-तासांची, ३.४ने भागा, सव्वादोन तासांत ती कोरडी. आणि या गाडीला किक नसते. उल्हासनगरात ढकलायला शेजारी धावून येतात. सरचूच्या तंबूबाहेर पहाटे हेच झालं असतं तर?

अशा रीतीने मी साईंच्या दुकानात पोचलो. दुकान म्हणजे बराकीच्या टोकाची एक खोली. साईंनी सत्तरी ओलांडली आहे. वडील सक्करहून आलेले, हे स्वतः इथेच जन्मलेले. गाडीचं वायरिंग सोडून दुसरं काही त्यांनी आयुष्यात केलेलं नाही. त्यांनी माझं काम पाहिलं, काही न बोलता टाकी उचलली आणि मला जवळ बोलावलं.

टाकीचा कंस जिथे सांगाड्यावर टेकतो तिथे माझी लाल वायर दबली होती. वरचं प्लॅस्टिक एका दिवसात चेपून फाटलं होतं. आत तांबं दिसत होतं.

"फ्यूज किधर है?" त्यांनी विचारलं.

मी हँडलकडे बोट केलं.

"और ये छुआ इधर," त्यांनी उघड्या तांब्यावरून सांगाड्याकडे बोट नेलं, "तो फ्यूज को मालूम पडेगा?"

नसतं पडलं. फ्यूज आपल्या पुढच्या वायरीचंच रक्षण करतो, मागच्या नाही. बॅटरीपासून हँडलपर्यंतची सगळी वायर मी बेवारस सोडली होती. ते तांबं सांगाड्याला टेकलं असतं तर बॅटरीची सगळी ताकद त्या एका वायरीतून धावली असती, वायर लाल झाली असती, आणि तिच्यावर पंधरा लिटर पेट्रोल. मुलीची बोटं वाचवायला निघालो होतो. मला त्यांच्या स्टुलावर बसावं लागलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि जरा वेळाने चहा सांगितला.

"फ्यूज बॅटरी के पास. एक बीता, बस. आपके बँक में जामीन बोलते हैं ना, वो कर्जा देने से पहले खडा करते हैं कि बाद में?"

मी चमकलो. मी बँकेत होतो हे यांना कसं ठाऊक? साईं हसले. १९९४ साली बॅटरी चार्जिंगचं यंत्र घेण्यासाठी त्यांनी आमच्या शाखेत बारा हजारांचा अर्ज केला होता. जामीनदार नाही म्हणून तो परत गेला होता. शेरा माझ्या अक्षरात होता आणि सही माझी. मला तो अर्ज आठवत नाही. असे किती परत केले असतील कोण जाणे. नियमात बसत नव्हते, आणि नियमाच्या आतली माणसं मी क्वचितच पाहिली. मी काहीतरी पुटपुटलो. "अरे, फिर बहनोई ने दिया," ते म्हणाले आणि वायर कापायला लागले. तो विषय त्यांच्यापुरता तिथे संपला. माझ्यापुरता अजून संपलेला नाही.

पुढचे चार तास मी नुसता पाहत होतो. माझी वायर त्यांनी टोपलीत टाकली, नवी एक चौरस मिलिमीटरची घेतली आणि अख्खी जाळीदार नळीत घातली. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर साडेसात अँपिअरचा फ्यूज. त्यानंतर रिले. रिले म्हणजे दुसऱ्याच्या हुकमावर चालणारं बटण. त्याच्या चार पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे कोरलेले असतात. ३० वर बॅटरीची वीज येते, ८७ वरून मुठींकडे जाते, ८५ आणि ८६ ला आतल्या चुंबकाचं वेटोळं. त्या वेटोळ्याला मागच्या दिव्याच्या वायरीवरून इवलीशी वीज दिली. चावी फिरवली की दिवा लागतो, रिले 'टक्' करतो, मुठींचा रस्ता खुला. चावी काढली की बंद. आता बटण विसरलं तरी सरचूला पहाटे गाडी चालू होणार. महागड्या मुठींना बॅटरी उतरली की आपोआप बंद पडण्याची सोय असते; आमच्या त्यातल्या नव्हत्या.

रिले निवडताना गंमत झाली. समोरच्या दुकानातून पोऱ्याने एक आणला. साईंनी तो कानाशी हलवला आणि परत दिला. "इधर का माल है. इधर का माल इसमें नहीं लगाने का." 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद मी चाळीस वर्षं ऐकतो आहे, पाहुण्यांना ऐकवतोही आहे. तो विनोद सांगणाऱ्या कुणी या माणसाला नक्कल परत करताना पाहिलेलं नाही. असली माल यायला तासभर लागला. तोवर आम्ही दुसरा चहा घेतला.

सांधे त्यांनी झाळले नाहीत. मला झाळणं पक्कं वाटायचं. पण गाडी थरथरत असते. झाळ संपते तिथे वायर कडक होते आणि त्या कडेलाच तुटते. त्यांनी थिंबल पकडीने दाबून बसवले, वर आकसणारी नळी चढवली आणि लायटरची आच दाखवली.

सर्वांत जास्त वेळ गेला तो उजव्या मुठीवर. ही मूठ फिरते, तिच्यासोबत वायरही फिरते. वायर ताणली तर तुटेल. ढिली राहिली आणि ब्रेकच्या दांड्यात अडकली तर अॅक्सिलरेटर उघडाच राहील. माझी मूठ त्यांनी चिरून काढली, दुसरा जोड मागवायला लावला, आणि दोन दिवसांनी तो वायर खाली येईल असा अंदाज घेऊन बसवला. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, दर वेळी मूठ पिळून सोडायची. सोडताक्षणी ती आपली आपण मागे आली पाहिजे. वीसेक वेळा त्यांनी हे केलं. मग मला करायला लावलं. मग म्हणाले, "लडकी को भेजो."

मुलगी शनिवारी गेली. तिलाही त्यांनी वीस वेळा करायला लावलं आणि बजावलं, की मुठी तळव्याला ऊब देतात, बोटांच्या पाठीवरचा वारा थांबवत नाहीत. तेव्हा हँडलवर वाऱ्याच्या ढाली लाव आणि मोज्यांचे दोन जोड घे. गर्दीत गाडी नुसती उभी असेल तर मुठी बंद ठेव. हेडलाइट हल्ली बंद होत नाही, संथ इंजिन दोघांना पुरत नाही. त्यांनी मल्टिमीटर लावून दाखवलं, काटा साडेबाराच्या आसपास रेंगाळत होता. इंजिन वाढवलं तेव्हा चौदाकडे सरकला. "तुमचे वडील हुशार आहेत," असंही ते तिला मराठीत म्हणाले म्हणे. वायर कुठे दबली होती, हे त्यांनी तिला सांगितलं नाही. मीही घरी सांगितलेलं नाही. आता या लेखातूनच कळेल.

ती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. केलाँगपर्यंत फोन येत होता. मग अडीच दिवस काही नाही. त्या अडीच दिवसांत आमच्याकडे कुणी कुणाशी फारसं बोललं नाही. सौभाग्यवतीने माळ्यावरची सगळी भांडी काढून घासली.

लेहहून फोन आला तो तिच्या आईने उचलला. "ब्रेक लागत होता का?" एवढंच तिने विचारलं. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. पण ती खुर्चीवर बसली आणि फोन माझ्याकडे दिला.

"बाबा, बारालाचाला बर्फ होतं. बोटं शेवटपर्यंत माझी होती," मुलगी म्हणाली. "फक्त डावी मूठ जरा कमी तापते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साईंना ते सांगितलं. त्यांनी मान हलवली. उजवी मूठ प्लॅस्टिकच्या नळीवर असते, डावी सरळ हँडलच्या लोखंडावर; लोखंड ऊब पिऊन टाकतं. त्यांनी खणातून आकसणाऱ्या नळीचा एक जाड तुकडा काढला, माझ्या हँडलशी असावा तसा अंगठ्याने मापून कापला आणि कागदात गुंडाळून फळीवर ठेवला.

"आयेगी तब," ते म्हणाले.