लाकूड पचविणारी बुरशी

पावसाळ्याच्या अखेरीस नागपुरांत, रामदासपेठेंतील एखाद्या जुन्या आवाराच्या कोपऱ्यांत वर्षानुवर्षें पडून राहिलेला आंब्याचा ओंडका काठीनें ढोसला, तर तो चुरतो. जें लाकूड एके काळीं कुऱ्हाडीला सहज दाद देत नव्हतें, तें बोटांनीं कुस्करतें. हें काम नेहमीं वाळवीचेंच असतें असें नव्हे. सालीवर पंख्यासारखीं छत्रें उगवलेलीं दिसलीं, तर तें बुरशीचें समजावें.

लाकूड हें अन्न खरें, पण कुलूपबंद. त्यांतील सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज साखरेच्या हजारों घटकांची सरळ सांखळी होय. भातांतील पिष्टहि त्याच साखरेचें. परंतु सेल्युलोजमध्यें घटकांची जोडणी निराळी असल्यामुळें माणसाच्या पाचक रसांचें त्यापुढें कांहीं चालत नाहीं. तशांत भिंतीच्या विटांमध्यें चुना भरावा, तसें या सांखळ्यांभोंवतीं लिग्निन नांवाचें चिवट द्रव्य भरलेलें असतें.

बुरशीला तोंड नाहीं, पोट नाहीं. ती आपले सूक्ष्म तंतु लाकडांत घुसविते, पाचक रस बाहेर सोडते आणि तेथेंच पचलेलें अन्न शोषून घेते. एक रस सांखळी मध्येंच तोडतो, दुसरा टोंकाकडून दोन-दोन घटक सोडवितो, तिसरा त्या जोड्या फोडून साखर मोकळी करतो. लिग्निनची गोष्ट वेगळी. त्याचे सांधे एकसारखे नसल्यानें एका किल्लीनें तें उघडत नाहीं. म्हणून कांहीं बुरशा हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्यानें त्याचें जणूं ज्वलनच घडवितात. ज्वाला मात्र नसते. असा एक रस १९८३ सालीं अमेरिकेंतील संशोधकांना सांपडला. नवल हें कीं, नुसत्या लिग्निनवर बुरशीची उपजीविका होत नाहीं. आंतील साखर हातीं यावी, एवढ्यासाठींच हा खटाटोप.

या विद्येचें मोल शहराबाहेर, विदर्भाच्या कापसाच्या शिवारांत अधिक. वेंचणी संपल्यावर पऱ्हाट्या उभ्या ठेवणें धोक्याचें, कारण त्यांवर उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी आश्रय घेते. म्हणून त्या उपटून पुष्कळदां शेतांतच पेटविल्या जातात. जमिनीकडे परत जावयाचें सेंद्रिय द्रव्य धुरावाटे निघून जातें. धिंगरी अळंबी ही लिग्निन फोडणारीच बुरशी. बारीक तुकडे करून भिजविलेल्या व वाफविलेल्या पऱ्हाटीवर ती वाढते, आणि तोडे संपल्यावर उरलेला भुसभुशीत चोथा खतास उपयोगी पडतो. विस्तव जें काम घटकेंत उरकतो, तें बुरशी सावकाश करते. पण विस्तवामागें राख उरते, आणि बुरशीमागें शेतकऱ्याच्या पदरीं भाजी व खत पडतें.