तिसरं नाव पॉटर यांचं हवं होतं

औषधाच्या दुकानातल्या गर्भचाचणीच्या पट्टीवर रेघ उमटते ती प्रतिपिंडांमुळे, आणि ही प्रतिपिंडं बहुधा मूळची उंदराची असतात. त्यांचा इतिहास सांगताना १९७५ साल, केंब्रिज, जॉर्जेस कोहलर आणि सीझर मिलस्टाइन एवढं उरकून लोक पुढे जातात. हा इतिहास अर्धाच आहे.

उंदराला परका पदार्थ टोचला की त्याच्या प्लीहेतल्या बी पेशी प्रतिपिंडं बनवू लागतात. एक पेशी एकाच प्रकारचं. पण बाहेर काढलेल्या या पेशी काही दिवसांत मरतात. कोहलर-मिलस्टाइन यांनी त्यांचा न मरता वाढत राहणाऱ्या कर्कपेशींशी संकर केला. मग संकर न झालेल्या पेशी वगळण्यासाठी अमिनोप्टेरिन हे रसायन घातलं की डीएनए बनवण्याची नेहमीची वाट बंद होते. आडवाटेसाठी लागणारं एन्झाइम या निवडक कर्कपेशींत नसतं, म्हणून त्या मरतात. प्लीहेच्या पेशींत ते असतं, पण त्यांना आयुष्यच कमी. बशीत तगून राहतात त्या फक्त संकरपेशी. युक्ती देखणी आहे, वादच नाही.

पण मुळात ही न मरणारी कर्कपेशी आली कुठून? अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले मायकेल पॉटर यांनी १९६२ मध्ये दाखवून दिलं, की बाल्ब/सी जातीच्या उंदराच्या पोटात खनिज तेल टोचलं तर प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींचाच कर्करोग होतो. अशा गाठी आता हव्या तेव्हा मिळू लागल्या. पॉटर त्यांचे वंश उंदरामागून उंदरात जिवंत ठेवत आणि मागेल त्याला देत, शेजारणीला विरजण द्यावं तसं. केंब्रिजच्या प्रयोगातल्या कर्कपेशी त्यांच्याच एमओपीसी-२१ या गाठीच्या वंशातल्या.

विरजण देणाऱ्याला श्रीखंडाचं श्रेय कसं, असं कुणी विचारेल. पण पॉटर नुसते पुरवठादार नव्हते. एका गाठीतून एकाच साच्याचं प्रतिपिंड भरपूर मिळतं, याचा पद्धतशीर अभ्यास त्यांच्या गाठींवरच उभा राहिला. मिलस्टाइनही आधीपासून एमओपीसी-२१च्याच प्रथिनावर काम करत होते. दुसरा आक्षेप नोबेलच्या तीन जणांच्या मर्यादेचा. १९८४ मध्ये कोहलर-मिलस्टाइन यांच्यासोबतची तिसरी जागा नील्स येर्ने यांना मिळाली. ते थोर सिद्धांतकार खरेच, पण त्या सिद्धांतांसाठी वेगळं नोबेल देता आलं असतं. त्याच वर्षीचा लास्कर पुरस्कारही तिघांनाच मिळाला होता: पॉटर, कोहलर आणि मिलस्टाइन.